देवस्थळींचा ‘निरोप’

देवस्थळींशी वाद घालून कोणी जिंकल्याचं मी पाहिलेलं नाही. ते नेहमी बरोबर असत म्हणून नव्हे. समोरच्या माणसाला कधीतरी घरी जायचं असे, देवस्थळींना नसे. ते टेबलावर मूठ पालथी ठेवत, चष्मा कपाळावर चढवत आणि म्हणत, “तत्त्वतः बघा.” हे दोन शब्द ऐकले की खुर्ची ओढून बसायचं, एवढं आम्ही अनुभवानं शिकलो होतो.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. ठाण्याच्या नौपाड्यात एका दातांच्या दवाखान्याच्या वर आमची सॉफ्टवेअर कंपनी होती. कंपनी म्हणजे दोन खोल्या, सात माणसं आणि दिवसभर खालून येणारा दात कोरण्याचा आवाज. मालक सामंत. त्यांच्या व्हिजिटिंग कार्डावर ‘कंट्रोल सिस्टीम्स’ असं छापलेलं होतं. प्रत्यक्षात त्यांचा कंट्रोल फक्त चहावाल्यावर चाले. कारखान्यांना संगणक बसवून द्यायचे, ते एकमेकांना जोडायचे आणि जोडलेले राहतील अशी आशा करायची, हा आमचा धंदा.

देवस्थळी आमच्यात वयानं सगळ्यांत मोठे, पन्नाशीला टेकलेले. राहायला डोंबिवलीला. ऐंशीच्या दशकात ते ठाण्यातल्या एका मोठ्या कारखान्याच्या टेलेक्सच्या खोलीत होते. कागदी पट्टीवर भोकं पाडून निरोप पाठवायचे. टेलेक्स गेला, तशी संगणकाची पुस्तकं आणून त्यांनी घरी बसून प्रोग्रॅमिंग शिकून घेतलं, आणि खरं सांगायचं तर आमच्यापैकी कोणाहीपेक्षा चांगलं शिकून घेतलं. ही गोष्ट त्यांना माहीत होती, हीच अडचण होती.

पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, घरून आणलेलं पाण्याचं भांडं, आणि सगळ्यांना अहो-जाहो. झाडू मारणाऱ्या बाईला अहो, चहावाल्याला अहो. एकदा संगणक सुरू व्हायला वेळ लागला तेव्हा त्याला “अहो, उठा आता” म्हणताना मी स्वतः ऐकलंय. कामाची पद्धत ठरलेली. प्रोग्रॅम पडद्यावर वाचायचा नाही. हिरव्या पट्ट्यांच्या रुंद कागदावर छापून घ्यायचा, गठ्ठा मांडीवर घ्यायचा आणि लाल पेन्सिलीनं तपासायचा. दुसऱ्याच्या प्रोग्रॅममध्ये चूक सापडली की त्यांचा चेहरा असा खुलायचा की वाटे, यांच्या घरी पाहुणे आलेत. स्वतःच्या प्रोग्रॅममध्ये कोणी चूक काढली, तर त्यावर त्यांचं एकच उत्तर असे: “ते वापरणाऱ्याचं अज्ञान आहे.”

तर अशा या देवस्थळींनी ‘निरोप’ लिहिलं.

डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका रंग-रसायनांच्या कारखान्याचं काम आम्हाला मिळालं होतं. तिथे चार संगणक होते: एक गेटवरच्या वजनकाट्यावर, एक गोदामात, एक प्रयोगशाळेत आणि एक रिअॅक्टरच्या, म्हणजे रसायनं शिजवायच्या टाकीच्या, कंट्रोल रूममध्ये. या चौघांनी आपापसांत बोलायचं होतं. संगणकांचं बोलणं तेव्हा असं असायचं: दोघांकडे एकेक सॉकेट, म्हणजे जोडणीचं टोक, लागतं. एकानं आधी कान लावून बसायचं, दुसऱ्यानं मग हाक मारायची. कान लावणारा जागेवर नसेल तर हाक मारणाऱ्याला नकार मिळतो आणि त्याचा प्रोग्रॅम तिथेच मान टाकतो. म्हणजे रोज सकाळी चारही यंत्रं ठरलेल्या क्रमानंच सुरू करायला हवीत. कारखान्यात हा क्रम लिहिलेला कागद भिंतीवर चिकटवलेला होता आणि तो कागद सोडून बाकी सगळं वाचायची लोकांना सवय होती.

देवस्थळींना ही पद्धत अपमानास्पद वाटली. “एकानं बसून राहायचं आणि दुसऱ्यानं हाका मारायच्या, हे काय? सगळी यंत्रं तत्त्वतः समान आहेत. कोणी आधी उठो, कोणी नंतर उठो. मधे कोणी झोपो. निरोप पोचलाच पाहिजे.”

पाच महिने ते लिहीत होते. प्रत्येक यंत्र कानही लावणार आणि हाकही मारणार. समोरचा नसेल तर निरोप जपून ठेवायचा, पुन्हा पुन्हा हाक मारत राहायचं आणि तो आला की सगळं त्याच्या हवाली करायचं. बाकीच्यांनी फक्त ही लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा हा संच, आपल्या प्रोग्रॅमला जोडायची आणि निश्चिंत राहायचं. आतल्या फंक्शनांची नावं त्यांनी इंग्रजी अक्षरांत पण मराठी ठेवली: निरोप_जोडा, निरोप_धाडा, निरोप_मिटा. ‘जोड’ नाही, ‘जोडा’. अरे-तुरे त्यांना प्रोग्रॅममध्येसुद्धा खपत नसे.

लायब्ररीसोबत पुस्तिका आली, तीही शुद्ध मराठीत. सॉकेटला त्यांनी ‘खोबण’ केलं आणि पोर्टला, म्हणजे निरोप जिथे येऊन लागतो त्या दाराला, ‘बंदर’. तिसऱ्या पानावर ठळक अक्षरांत सूचना होती: ‘प्रथम खोबण बंदराला बांधा.’ कारखान्याचा इन्स्ट्रुमेंट इंजिनियर कानपूरकडचा होता. देवनागरी वाचता येत असल्यामुळे त्यानं मोठ्या उत्साहानं पुस्तिका वाचली आणि मला फोन केला. “पेठे साब, बाकी सब समझ गया। लेकिन ये बंदर कौन है, और इसको बाँधना क्यों है?”

मी हे देवस्थळींना सांगितलं. कोणी हसत असेल तर त्याला हसून घेऊ द्यावं म्हणून ते क्षणभर थांबले. मग म्हणाले, “ते वाचणाऱ्याचं अज्ञान आहे.” तरी दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी तळटीप घातली: ‘येथे बंदर म्हणजे जेथे जहाजे लागतात ते.’ त्यानंतर त्या इंजिनियरनं पुस्तिका उघडली नाही.

पहिल्या आठवड्यातच एक गंमत झाली. सगळे समान म्हटल्यावर एकाच वेळी दोघांनी एकमेकांना हाक मारली तर काय? दोन जोडण्या व्हायच्या. आणि जोडणी आहे तिथून निरोप जायलाच हवा, असा देवस्थळींचा बाणा असल्यामुळे एकच निरोप दोन्हीकडून पोचायचा. गेटवर एक टँकर वजन करून आत आला. गोदामाच्या पडद्यावर दोन आले. गोदामवाल्यानं एक उतरवून घेतला आणि दुसरा शोधायला वॉचमनला पिटाळलं. तो बिचारा हातात काठी घेऊन कंपाउंडच्या मागच्या कमरेएवढ्या गवतात अर्धा तास टँकर शोधत हिंडत होता. परत येऊन म्हणाला, “नाही दिसला साहेब. पण गवत दबलेलं दिसतंय, येऊन गेला असंल.”

यावर उपाय सुचवला तो वंदना फडणीसनं. वंदना कल्याणहून यायची. कॉलेजमधून बाहेर पडून दोन वर्षं झालेली, आवाज इतका हळू की दवाखान्याचं मशीन सुरू असलं तर ऐकूच यायचा नाही. म्हणून की काय, ती सगळं कागदावर लिहून ठेवायची. प्रयोगशाळेचा आणि कंट्रोल रूमचा प्रोग्रॅम तिच्याकडे होता.

“सर, प्रत्येक यंत्राला नंबर आहेच. दोन जोडण्या झाल्या तर ज्याचा नंबर लहान, त्यानं आपली सोडून द्यायची.”

“का? तो लहान आहे म्हणून?”

“नाही सर. कोणीतरी सोडायला हवी म्हणून.”

“हे तत्त्वतः अन्यायकारक आहे,” देवस्थळी म्हणाले आणि चष्मा पुन्हा नाकावर घेतला. म्हणजे सभा संपली.

दोन दिवसांनी सकाळी आल्या आल्या त्यांनी फळ्यावर लिहिलं: ‘द्विजोडणी झाल्यास कनिष्ठ क्रमांकाने माघार घ्यावी.’ खाली तारीख आणि सही. वंदनानं वही काढून ते जसंच्या तसं उतरवून घेतलं.

“नियम चांगला आहे, सर.”

“विचार करावा लागतो,” देवस्थळी म्हणाले.

मी वंदनाकडे पाहिलं. ती वहीत रेघ मारत होती. ती हसत नव्हती, हे मला तेव्हा विशेष वाटलं नाही.

कारखान्याच्या साहेबांसमोर प्रात्यक्षिक झालं, तो देवस्थळींचा सोन्याचा दिवस. कंट्रोल रूममध्ये दहा-बारा माणसं जमली होती. देवस्थळींनी प्रयोगशाळेतून पाच निरोप धाडायला सांगितले आणि तिसऱ्या निरोपाला कंट्रोल रूमच्या यंत्राची वायर स्वतःच्या हातानं उपटली. सामंतांचा चेहरा पांढरा पडला. देवस्थळी घड्याळाकडे पाहत शांत उभे. दोन मिनिटांनी त्यांनी वायर लावली, यंत्र उठलं, आणि राहिलेले निरोप एकामागून एक, क्रमानं, पडद्यावर उतरले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, आणि मनापासून वाजवल्या. आज हे सगळं बाजारात तयार मिळतं. तेव्हा नौपाड्यात दाताच्या डॉक्टरच्या डोक्यावर बसून एका टेलेक्सवाल्यानं ते एकट्यानं केलं होतं.

“आमच्या लायब्ररीत निरोप हरवत नाही,” देवस्थळी साहेबांना म्हणाले. “कधीच नाही.”

त्यानंतरच्या आठवड्यात वंदनानं त्यांना विचारलेलं मला आठवतं. “सर, निरोपाबरोबर निघाल्याची वेळ घालू या का?”

“कशाला? जो पोचणारच आहे, त्याला वेळेची काय गरज?”

“पण टेलेक्सवर टाकायचे ना वेळ?”

“ती माणसांची सोय होती. आणि निरोपाच्या आत काय आहे ते लायब्ररीनं बघायचं नाही. निरोप्यानं पत्र फोडायचं नसतं.” एवढं बोलून ते आपल्याच वाक्यावर खूष झाले. दिवसभरात ते त्यांनी आणखी दोघांना ऐकवलं.

पावसाळा संपत आला होता तेव्हा ते घडलं. कारखान्यातली पद्धत अशी: रिअॅक्टरमधल्या मालाचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथे तो तपासून ‘पास’ असा निरोप कंट्रोल रूमला यायचा. मगच ऑपरेटरनं व्हॉल्व्ह उघडून पुढचं रसायन आत सोडायचं. माल तयार नसताना सोडलं, तर आतली उष्णता आवरायची नाही. आवरली नाही तर काय होतं, ते आमच्यातल्या कोणी पाहिलं नव्हतं. कारखान्यातल्या जुन्या माणसांनी पाहिलं होतं. ती त्याबद्दल बोलत नसत.

त्या दिवशी सफाईवाल्याचा धक्का लागून प्रयोगशाळेतली केबल सैल झाली. सकाळच्या मालाचा ‘पास’ निघाला तो वाटेतच अडकला. प्रयोगशाळेनं थोडी वाट पाहून फोन उचलला आणि तोंडी सांगितलं. काम पुढे गेलं, तो माल निघाला. दुपारी रिअॅक्टरमध्ये नवा माल चढला. त्यानंतर कोणाच्या तरी लक्षात येऊन केबल घट्ट बसवली गेली. आणि देवस्थळींच्या लायब्ररीनं, जी सकाळपासून न थकता हाका मारत होती, आपला जपून ठेवलेला निरोप इमानेइतबारे पोचता केला. कंट्रोल रूमच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत आलं: पास.

पडद्यासमोर म्हात्रे होते. कारखान्यातले सर्वांत जुने ऑपरेटर, जवळच्याच गावातले. त्यांनी व्हॉल्व्हला हात लावला नाही. प्रयोगशाळेला फोन केला. तिथला केमिस्ट म्हणाला, “अहो, नमुनाच आला नाही अजून, पास कशाला करू?”

दुसऱ्या दिवशी कारखान्याचं पत्र घेऊन एक माणूस नौपाड्यात आला. पत्रात एकच मागणी होती: चूक कोणाची, ते नावानिशी लेखी द्या.

सामंतांनी देवस्थळी, वंदना आणि मला केबिनमध्ये बोलावलं. केबिन म्हणजे खोलीतला पार्टिशन टाकलेला कोपरा. सामंत घामाघूम झाले होते. “अरे बाबांनो, काम जाईल माझं. काय लिहू? बोला ना.”

देवस्थळींनी मूठ टेबलावर ठेवली. “तत्त्वतः बघा. लायब्ररीचं काम निरोप पोचवणं. तिनं पोचवला. निरोपात काय असावं, कोणत्या मालाचा, कधीचा, ते प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानं ठरवायचं. तो प्रोग्रॅम वंदनाबाईंचा आहे.”

“म्हणजे फडणीस?” सामंतांनी पेन उचललं.

मी तिथेच होतो. मला माहीत होतं की वंदनानं वेळेबद्दल विचारलं होतं. एवढंच नाही, तिच्या प्रोग्रॅमचा छापील गठ्ठा देवस्थळींनी तपासला होता आणि तो माझ्याच कपाटावर पडला होता. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिलो. देवस्थळींच्या टोकाला जाण्यावर आम्ही डब्याच्या वेळी पोट धरून हसायचो. त्यांच्यासमोर तोंड उघडायची वेळ आली तेव्हा मी पेपरवेटच्या काचेतले बुडबुडे मोजत होतो. देवस्थळींची थट्टा करतोय, तर हेही सांगायला हवं.

वंदना उठली, बाहेर गेली. ती रडायला गेली असं सामंतांना वाटलं असावं, कारण ते म्हणाले, “पाणी द्या रे तिला.” ती परत आली तेव्हा तिच्या हातात तो हिरव्या पट्ट्यांचा गठ्ठा होता. तिनं एक पान उघडून सामंतांसमोर ठेवलं. कडेला तिच्या बारीक अक्षरात पेन्सिलीनं लिहिलं होतं: ‘सोबत वेळ आणि मालाचा नंबर हवा. जुना पास नव्या मालाला लागला तर?’ त्याच्या शेजारी लाल पेन्सिलीनं: ‘अनावश्यक. सु. दे.’

सामंतांनी ते पान देवस्थळींकडे सरकवलं. देवस्थळींनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला. एवढासा मजकूर वाचायला त्यांनी इतका वेळ लावला की खालचं मशीन दोनदा सुरू होऊन बंद झालं.

“अक्षर माझं आहे,” ते म्हणाले.

“मग काय लिहू?”

“लिहा...” देवस्थळी थांबले. मग एकेक शब्द सांगत गेले: “निरोपास वेळ जोडण्याचे राहून गेले.”

“कोणाकडून राहून गेलं?”

“तेवढं पुरेसं आहे.”

सामंतांनी तेवढंच लिहिलं. कोणाचंही नाव नसलेलं ते पत्र कारखान्यानं कसं स्वीकारलं, मला माहीत नाही. मराठीची एक मोठी सोय आहे. ‘राहून गेले’ म्हटलं की कर्त्याला घरी जाता येतं. रोज आमचं व्याकरण सुधारणाऱ्या माणसानं त्या दिवशी ती सोय वापरली. वंदनानं गठ्ठा उचलला आणि या वेळी माझ्या कपाटावर न ठेवता आपल्या पिशवीत घातला.

त्यानंतर देवस्थळींनी एक गोष्ट केली, जी त्यांना कोणी करायला सांगितली नव्हती. “मला त्या ऑपरेटरना भेटायचं आहे,” ते मला म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी आम्ही डोंबिवलीला कारखान्यात गेलो. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टावर त्यांनी हेल्मेट घातलं, तेही उलटं. तशाच अवतारात ते कंट्रोल रूममध्ये शिरले आणि नमस्कार करून म्हणाले, “म्हात्रेसाहेब, आपण माझ्या निरोपावर विश्वास का ठेवला नाहीत?”

म्हात्र्यांना आयुष्यात कोणी साहेब म्हटलं नसावं. त्यांनी आधी मागे वळून पाहिलं. मग खिशातून एक रिकामी बाटली काढली.

“सायेब, नमुन्याची बाटली ही अशी माज्या हातान व्हती. भरलीच नव्हती. मंग पास कोनाला केला, बाटलीला?”

“पण पडद्यावर तर पास आलं होतं.”

“आलता ना. पन कदी निंगालता?” म्हात्रे आता जरा मोकळे झाले. “आमच्या गावान कोनी सांगावा घेऊन आला का त्याला पैला इचारतो, निंगालास कदी? सकालचा सांगावा सांजंला आला तं त्याला च्या पाजतो नि वाटंला लावतो. त्यावर कोन कामाला लागतंय?”

देवस्थळींनी शर्टाच्या खिशातून डायरी काढली आणि उभ्या उभ्या लिहून घेतलं. मी डोकावून पाहिलं. म्हात्र्यांची बोली शुद्ध करून त्यांनी लिहिलं होतं: ‘केव्हा निघालास?’

“तुम्ही व्हॉल्व्ह उघडला असता तर?” त्यांनी विचारलं.

म्हात्र्यांनी खिडकीकडे बोट केलं. कंपाउंडच्या भिंतीपलीकडे चाळी होत्या, दोरीवर कपडे वाळत होते. “त्यो तिसरा दरवाजा माज्या भावाचा हाय,” ते म्हणाले.

देवस्थळी खिडकीशी गेले. त्यांचा चष्मा कपाळावर नव्हता, नाकावरही नव्हता. तो त्यांच्या हातात होता आणि ते तो शर्टाच्या टोकानं पुसत होते. पुसून झाल्यावरही पुसत होते.

आम्ही रिक्षानं स्टेशनला परत निघालो. रेल्वे फाटकाशी रिक्षा अडली तेव्हा देवस्थळी म्हणाले, “पेठे, वंदनाबाई हेच म्हणत होत्या का?”

“हो सर. अगदी हेच.”

“मग असं का नाही म्हणाल्या?”

“लिहून दिलं होतं त्यांनी, सर.”

“पेन्सिलीनं,” देवस्थळी म्हणाले. “महत्त्वाची गोष्ट कोणी पेन्सिलीनं लिहितं का?”

मला वाटलं होतं, या भेटीनं माणूस बदलेल. लायब्ररी बदलली. तीन आठवड्यांत ‘निरोप’ची नवी आवृत्ती आली. प्रत्येक निरोपावर निघाल्याची वेळ आणि त्याचं आयुष्य. आयुष्य संपलेला निरोप पोचवायचा नाही. तो आला होता आणि टाकून दिला, एवढं मात्र दोन्हीकडच्यांना कळवायचं. काम चोख होतं. पुस्तिकेच्या सुरुवातीला देवस्थळींनी ऋणनिर्देश केला: ‘प्रस्तुत सुधारणा रसायन-कारखान्यातील अनुभवी चालक श्री. म्हात्रे यांच्या मार्मिक सूचनेवरून केली आहे.’ एक प्रत बांधून, त्यावर सही करून, ते स्वतः जाऊन म्हात्र्यांना देऊन आले. म्हात्र्यांनी म्हणे ती घरी नेऊन भावाला दाखवली.

वंदनाचं नाव पुस्तिकेत कुठेही नव्हतं. म्हात्र्यांचं ऋण मानायला देवस्थळींना काही जड गेलं नाही. म्हात्रे शेजारच्या टेबलावर बसत नव्हते.

महिन्याभरात वंदनाला अंधेरीच्या एका कंपनीत नोकरी मिळाली. शेवटच्या दिवशी सामंतांनी सामोसे मागवले आणि देवस्थळींना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते दहा मिनिटं बोलले. ‘निरोप’ची कल्पना त्यांना कशी सुचली, पहिली आवृत्ती, दुसरी आवृत्ती, द्विजोडणीचा प्रश्न. शेवटी वंदनाकडे वळून म्हणाले, “वंदनाबाईंबद्दल एवढंच सांगतो, की त्यांचं अक्षर अतिशय सुवाच्य आहे.”

वंदना खळखळून हसली. तिला इतक्या मोठ्यानं हसताना आम्ही प्रथमच ऐकलं. खालच्या मशीनच्याही वर तो आवाज गेला. देवस्थळींना वाटलं, कौतुक आवडलं. त्यांनी तिला नव्या पुस्तिकेची प्रत दिली. तिनं तिथल्या तिथे पहिलं पान उघडून वाचलं, मिटलं आणि विचारलं, “म्हात्र्यांना पोचली ना सर त्यांची प्रत?”

“हो, हो. मी स्वतः दिली.”

“बरं झालं,” ती म्हणाली. पुस्तिका तिनं टेबलावरच ठेवली. सामोशाचं तेल लागलं तिला. मी दुसऱ्या दिवशी ती उचलून कपाटात टाकली. वंदनापर्यंत पोचवण्याचं धैर्य मला झालं नाही.

दशक सरता सरता परदेशी कंपन्यांची तयार सॉफ्टवेअर सीडीवर येऊ लागली आणि आमच्यासारख्या दोन खोल्यांच्या कंपन्यांना कोणी विचारेना. सामंतांनी जागा दवाखान्याला देऊन टाकली. देवस्थळी निवृत्त झाले. डोंबिवलीची जागा सोडून ते ठाण्यात मुलीच्या शेजारी राहायला आले, असं कानावर आलं. मी काही भेटायला गेलो नाही. जाऊन बसलो असतो तर उठता आलं नसतं, हे कारण मी स्वतःला देत होतो.

त्यांना शेवटचं पाहिलं ते काही वर्षांनी, नवरात्रात. ठाण्याच्या टेंभी नाक्यावर संध्याकाळी देवीच्या दर्शनाची गर्दी होती. मी बायकोबरोबर गेलेलो. मांडवाच्या बाजूला हरवलेल्या मुलांची नावं पुकारायला एक टेबल मांडलं होतं, आणि स्वयंसेवकाचा बिल्ला लावून, हातात माईक घेऊन देवस्थळी बसले होते. टेबलावर पिवळ्या फ्रॉकमधली तीन-चार वर्षांची एक मुलगी, डोळे रडून लाल.

“सुमारे चार वर्षे वयाची, पीतवर्ण पोशाख परिधान केलेली एक बालिका आमच्या कक्षात सुखरूप आहे,” लाउडस्पीकरवरून देवस्थळींचा आवाज नाक्यावर घुमला. “तिच्या पालकांनी कृपया सत्वर संपर्क साधावा.”

कोणी फिरकलं नाही. त्यांनी तेच पुन्हा सांगितलं, आणखी सावकाश. ‘पीतवर्ण’ म्हणजे काय असं माझ्या शेजारचा फुगेवाला मला विचारत होता. तिसऱ्यांदा ‘सुमारे’ म्हणतात तोच मुलीनं त्यांच्या हातातला माईक दोन्ही हातांनी स्वतःकडे ओढला आणि जीव तोडून ओरडली, “आईऽऽऽ!”

नाक्यावरच्या शंभरेक बायका एकदम मागे वळल्या. त्यातली एक गर्दी फोडत धावत आली.

आईनं मुलीला उचलून घेतलं, दोन धपाटे घातले, मुके घेतले. देवस्थळी उठून उभे राहिले होते. मग ते टेबलामागे खाली वाकले. मुलीच्या एका पायातली चप्पल निसटली होती, ती त्यांनी शोधून काढली आणि आईच्या कडेवर लोंबणाऱ्या त्या इवल्या पायात घालून तिचा पट्टा लावू लागले. पट्टा भोकात बसत नव्हता. माईक टेबलावर तसाच पडला होता, बंद करायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं. त्यामुळे ते तिच्याशी जे हळूच बोलले ते देवीच्या मांडवापासून पार रस्त्याच्या टोकापर्यंत सगळ्यांना ऐकू आलं.

“घाबरलीस ना गं? मीपण घाबरलेलो. जा आता. हात सोडू नको हं आईचा.”